माकडाच्या हाती कोयता

आमच्या ह्यांनी उभा जन्म रसायनीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढला. शिडी धरायला खाली माणूस नसेल तर वरच्याला मेमो देणारा हा माणूस. तो माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बारशाच्या सकाळी काय करून बसला, ते सांगते. हेमचंद्र त्यांचं नाव. एरवी मी नाव घेत नाही, रागावले की घेते. त्या दिवशी पुष्कळदा घेतलं.

बारसं माझ्या धाकट्या भावाच्या, अजेयच्या मुलीचं. पोरगी मेलबर्नला, पाळणा मेलबर्नला आणि आत्या इकडे कर्जतजवळच्या कशेळ्यात! पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. अजेयनं आधीच सांगून टाकलं होतं, “तायडे, नाव तूच ठेव. आम्हालासुद्धा आधी सांगू नकोस. व्हिडिओवर थेट तिच्या कानात सांग.”

आम्हाला मूलबाळ नाही. गावभरच्या बारशांना पाळणे म्हटले, घुगऱ्या खाल्ल्या, पण नाव ठेवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. अजेय माझा एकुलता एक भाऊ. त्याचं लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. ही वेळ गेली तर पुन्हा येणार नव्हती. म्हणून ते नाव पोटात ठेवून मी कितीतरी दिवस गप्प होते. मी गप्प राहणं म्हणजे काय, ते ह्यांना विचारा.

माझी भावजय सानवी तशी गुणाची. पण तिची कुणी मैत्रीण तिथं आत्या व्हायला टपूनच बसली होती, हे माझ्या कानावर आलं होतं.

सकाळी मी घुगऱ्यांसाठी हरभरे शिजायला लावले, चौरंगाभोवती रांगोळी काढली आणि ह्यांना म्हटलं, “दाराला आंब्याचं तोरण हवं. बाजारातलं प्लास्टिकचं आणाल तर ते तुमच्याच गळ्यात घालीन.” हे लांब काठीला कोयता बांधून अंगणातल्या आंब्याकडे गेले. पानं मात्र छान आणली हो, कोवळी, तांबूस. तोरणही स्वतःच बांधलं.

मी आत येऊन टॅब लावते तर काय, इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा! डबी बंद केली, चालू केली, देवाचं नाव घेतलं. दिवा लाल तो लालच.

“अहो, नेट गेलं!”

“माकडं असतील,” हे लगेच म्हणाले. “मघाशी आंब्यावर उड्या मारत होती. लोंबकळली असतील तारेला.”

बाहेर जाऊन बघते, तर खांबावरून आंब्यातून घरात येणारी काळी केबल तुटून अंगणात लोळत पडलेली. माकड औषधालाही नाही. आमच्याकडे माकडांचा त्रास आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्या दिवशी ती बिचारी कुठल्या कुठे होती.

आमचं घर बाजारापासून आत, टेकडीला चिकटून. मोबाइलवर ‘हॅलो’ ऐकू येतं तेसुद्धा गच्चीच्या कोपऱ्यात. चेहरा बघायचा तर थेट फाट्यावर जावं लागतं.

“मग फाट्यावर जाऊ या की,” हे म्हणाले.

“जाऊ या. मी कुर्रर्र म्हणेन, जीपवाला ‘कर्जत, कर्जत’ ओरडेल आणि पोरीचं नाव कर्जत पडेल. चालेल ना, हेमचंद्र?”

नाव ऐकल्यावर हे स्वयंपाकघरात पळाले.

गच्चीवर जाऊन केबलवाल्या खलीलला फोन लावला. मागे ढोल वाजत होते. “काकी, आज जमणार नाय ओ,” तो म्हणाला. “खालापूरला हाय, भाच्याच्या लग्नाला. उद्या सकाळी पयला तुमच्याकडं येतो.”

“खलील, माझ्या भाचीचं बारसं आज आहे रे,” मी म्हटलं. “नाव मलाच सांगायचंय.” एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. सासूच्या टोमण्यांना कधी न रडलेली मी, केबलवाल्यासमोर रडले! पलीकडे कुजबुज झाली आणि त्याच्या बायकोचा, मुनिराचा आवाज आला, “काकी, रडू नका. जेवान झालंय आमचं. निघतोच आमी.”

मग अजेयला कळवलं. फोन सानवीकडे गेला. “ताई, टेन्शन घेऊ नका, नाव मेसेज करा. माझी मैत्रीण सांगेल बाळाच्या कानात.”

“नाव म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी आहे, कुणाच्याही हाती पाठवायला?” मी म्हटलं. अजेय मागून ओरडला, “तायडे, बाळ जागं आहे तोवर थांबतो. पण पाहुणे आलेत, लवकर बघ काहीतरी.”

खाली आले, तर ह्यांनी चहा केला होता. हरभरे उतरवले होते. इतकंच नाही, न सांगता नारळ खवत बसले होते! आमच्या संसारात असं कधी घडलेलं नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तेव्हा भांडायला वेळ कुणाला होता? मी सारखी रस्त्याकडे बघत होते.

मोटारसायकल दारात आली तेव्हा अत्तराचा घमघमाट आधी आला. खलीलच्या अंगात मोरपंखी शेरवानी, गळ्यात हत्यारांची पिशवी. मागे जरीच्या ड्रेसमध्ये मुनिरा. असा नवरदेवासारखा केबलवाला कुणाच्या दारात आला नसेल.

“कुणी तोडली म्हनता?” त्यानं तारेचं टोक उचलून विचारलं.

“माकडांनी,” हे म्हणाले.

खलीलनं तारेकडे बघितलं. आंब्याच्या ताज्या कापलेल्या फांदीकडे बघितलं. मग दारावरच्या तोरणाकडे. “साहेब, माकडाच्या हाती कोलीत असतंय म्हनून ऐकलं होतं. कोयता आज बघतोय.”

मुनिरानं ओढणी तोंडाला लावली. हे आभाळात काहीतरी शोधायला लागले.

“त्या माकडाचा समाचार मी नंतर घेते,” मी म्हटलं. “तू आधी तार जोड, बाबा.”

रांगोळीतला चौरंग उचलून त्यानं ओटीवर मांडला आणि त्यावर जोडणीचं मशीन ठेवलं. आतली तार केसाएवढी, काचेची. हे त्याच्या डोक्यावर छत्री धरून उन्हात उभे राहिले. पहिला जोड फुकट गेला. गच्चीवरून अजेयला फोन केला, तर म्हणाला, “तायडे, डोळे मिटायला लागलीय गं.” मी तशीच खाली आले. देवापुढे जाऊन बसले, पण एक श्लोक आठवेल तर शपथ.

“काकी, या! हिरवा झाला!”

धावले. टॅबवर पाळणा दिसला, झेंडूच्या माळा दिसल्या, आणि मुठी आवळलेली, अर्धवट झोपलेली ती एवढीशी पोर. सानवीनं फोन तिच्या कानाशी धरला. मी कुर्रर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, “निवेदिता!”

तिकडे टाळ्या झाल्या. सानवीनं दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, “गोड आहे हो, ताई.” इकडे मुनिरा उठली. “नाव ठेवलं आनि आत्याला बुक्के नायत, असं कसं चालंल?” तिनं बांगड्या वाजवत माझ्या पाठीत असे बुक्के घातले की मेलबर्नच्या बायका लाजल्या असतील. मी हसत होते आणि डोळे गळत होते.

हे कुठे दिसेनात. बघते तर दारात, तोरणाखाली, मिटलेली छत्री धरून उभे.

निवेदिता हे नाव आम्ही लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवलं होतं. आमच्या मुलीसाठी. ती काही आली नाही, आणि पुढं आम्ही दोघांनी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. मला वाटायचं, हे विसरले असतील.

“चारू,” ते म्हणाले, “तार मीच तोडली.”

“ठाऊक आहे.”

“तुला कोवळी पानं हवी म्हणून वर हात घातला गं. नंतर तुझा चेहरा बघून सांगवेना.” असं म्हणून पाठ फिरवून उभे राहिले. “घाल बुक्का. चांगला जोरात घाल.”

मी मूठ वळली होती. खोटं कशाला सांगू, सकाळपासून वळलेली होती. पण त्यांची पाठ हलत होती. मग मूठ आपोआप उघडली आणि हात नुसताच त्यांच्या पाठीवर राहिला.

आतून टॅबमधून अजेयची हाक आली, “तायडे, भावोजी कुठे आहेत?”

“डोळे पुसा, माकडोबा,” मी म्हटलं. “आणि आत चला. निवेदिता जागी आहे अजून.”