पाच पेशी

“शाईच्या हिरव्या ठिपक्यांच्या आत बघा,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवून त्यांनी घारबाईंना जागा करून दिली.

घारबाईंनी उभ्याउभ्याच डोळे मायक्रोस्कोपला लावले. काचेच्या अगदी कडेला, निळसर आणि गुलाबी, ऐसपैस पसरलेल्या पेशींच्या गर्दीत पाच पेशी अंग चोरून बसल्या होत्या. लहान, गोल. जवळजवळ सगळी जागा गडद केंद्रकानंच खाल्लेली, आणि त्या केंद्रकाची कड कुरतडल्यासारखी. घारबाईंनी त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग डोळे वर घेऊन काचेच्या टोकावरची चिठ्ठी वाचली. सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली तपासणाऱ्याची पेन्सिलीनं केलेली खूण होती.

“माझी आहे ही,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. म्हणून तर दार लावून घेतलं.”

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, पेशी तपासायच्या विभागात घारबाईंना एकोणतीस वर्षं झाली होती. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग धरायच्या आधी तिथल्या पेशी बिघडू लागतात. तो बिघाड वेळेत हाती लागावा म्हणून घेतलेले नमुने काचेवर पसरून, रंगवून त्यांच्या टेबलावर येत. एकेका काचेवर हजारो पेशी. डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली, मग उजवीकडून डावीकडे, अशी सगळी काच नजरेखालून घालायची. दिवसाला साठ काचा, कधी सत्तर. एकदा एका काचेवर हातमोज्याची पावडर दिसली म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या नर्सला फोन लावला होता, “नवा डबा फोडलास ना आज? जरा झटकून घाल गं.” तेव्हापासून त्यांना सगळे घारबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

मोठे डॉक्टर या विभागाचे प्रमुख. ते हळू आवाजात सांगत होते. जिची ही काच, ती बाई बसमध्ये कंडक्टर आहे. वय एकोणपन्नास. दोन महिन्यांपासून रक्त जात होतं म्हणून आली. रोग बराच पसरलाय, आता किरणोपचार चालू आहेत. अशी केस आली की जुन्या काचा काढून बघायच्या हा नियम, म्हणून ही काढली.

“दहातल्या सात जणांच्या नजरेतून सुटल्या असत्या, बाई. कडेला आहेत, आणि आहेत किती, तर पाच. फाइलमध्ये मी एक ओळ लिहितो आणि विषय संपवतो.”

“आणि तिला कोण सांगणार?”

“कशाला सांगायचं? तिचं काय भलं होणारे त्यानं? उपचारात मन राहू दे तिचं.”

 दुपारी घारबाई तळघरातल्या दप्तरात गेल्या आणि सहा वर्षांपूर्वीची हजेरी आणि नोंदवही काढून बसल्या. त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं. त्या आठवड्यात सासूबाई आजारी होत्या का? वीज गेली होती का? कुणी रजेवर होतं म्हणून काम दुप्पट झालं होतं का? असं काहीच नव्हतं. मंगळवार होता. त्या वेळेवर आल्या होत्या, वेळेवर गेल्या होत्या. काचा बावन्न, म्हणजे कामही थोडंच. अगदी चारचौघांसारखा दिवस होता, आणि त्या दिवशी त्यांनी त्या पाच पेशींवरून नजर फिरवून पुढची काच घेतली होती. वही मिटताना त्यांचे हात धुळीनं माखले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो एका कारखान्यात नकाशे काढायचा, आता घरीच असे.

“डॉक्टर स्वतः नको म्हणतायत ना?” तो म्हणाला. “मग तू कशाला खाजवून खरूज काढतेस? नोकरीची अडीच वर्षं राहिली तुझी. उद्या तिनं तक्रारीचा कागद करून वर पाठवला तर?”

“पाठवू दे.”

“अगं, आजवर कितीजणी वाचल्या तुझ्यामुळे, ते नाही मोजत तू.”

“अहो, त्या वाचल्या तेव्हा कुणी मला सांगायला आलं नव्हतं. त्या घरी गेल्या. ही इथंच आहे. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर.”

नवऱ्यानं कप खाली ठेवला. “डबा राहिला बघ तुझा,” एवढंच म्हणाला, आणि उठून तो आणून दिला.

मोठ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, “मी सांगणारे तिला. तुम्ही येताय?” डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “येत नाही,” ते म्हणाले. “पण अडवतही नाही.”

किरणोपचाराच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसली होती. एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई तेवढी खांबाला टेकून उभी होती. गळ्याभोवती रुमाल, हातात फाइल; फाइलीवर काचेच्या चिठ्ठीवरचंच नाव.

“बसा ना,” घारबाई म्हणाल्या.

“चोवीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून काढली हो. बसलं की कंबर बोंबलते. तुमचा नंबर कितवा?”

“माझा नंबर नाही. मी वरच्या मजल्यावर काम करते. तुमच्याकडेच आलेय.” आणि मग, धीर सुटायच्या आत, त्यांनी सांगून टाकलं. सहा वर्षांपूर्वी तुमची तपासणी झाली होती. ती काच मी बघितली होती. त्यात पाच वाईट पेशी होत्या. मला दिसल्या नाहीत. मी ‘दोष नाही’ म्हणून लिहिलं.

 आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक म्हातारे गृहस्थ उठून गेले.

“पाच?” कंडक्टरबाई म्हणाल्या.

“पाच.”

“दाखवता येतील?”

हा प्रश्न येईल असं घारबाईंना वाटलं नव्हतं. पण त्या “हो” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उपचार आटपून कंडक्टरबाई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आल्या. दोघांना एकाच वेळी बघता येईल असा एक मायक्रोस्कोप विभागात होता. समोरासमोर बसून दोघींनी डोळे लावले. आधी घारबाईंनी चांगला भाग दाखवला.

“या मोठ्या, चपट्या दिसतात ना, या तुमच्या चांगल्या पेशी. सगळ्या खालच्या थरात जन्मतात. खालची पेशी वाढते, दुप्पट होते, विभागते. एक खालीच थांबते, दुसरी वर सरकते. वर येता येता ती विभागणं सोडून देते आणि आपल्या कामाची होते. कातडीच्या पेशीनं कातडीचं, डोळ्याच्या पेशीनं डोळ्याचं, तसं हिचं काम पांघरूण घालायचं. ते करते आणि शेवटी गळून पडते.”

“आणि या?” भिंगाखाली आता हिरवा ठिपका आला होता.

“या काही शिकल्याच नाहीत. विभागायच्या आधी पेशी थांबते हो. आतला जनुकांचा मजकूर बरोबर उतरलाय का, हे तपासते. चूक असली तर दुरुस्त करते, नाही झाली तर स्वतःहून मरते. एक विषाणू असतो, तो शिरला आणि ठाण मांडून राहिला की ती तपासणीच बंद पाडतो. मग चुकांसकट विभागत राहायचं, थांबायचं नाही, कामाला लागायचं नाही.”

“म्हणजे चेकिंगवालाच फोडला.”

“तसंच.”

कंडक्टरबाई बराच वेळ बघत होत्या. “किती बारीक आहेत,” त्या म्हणाल्या. “कडेला बसल्यात. बिनतिकिटाचं माणूस असंच बसतं बघा, कडेला, खिडकीकडे तोंड करून. गर्दीत सुटतंच एखादं. माझेही सुटलेत.” त्यांनी डोळे वर घेतले. “तेव्हा दिसल्या असत्या तर काय केलं असतं?”

घारबाईंना खोटं बोलता आलं असतं. “तेवढा तुकडा काढला असता,” त्या म्हणाल्या. “सकाळी येऊन दुपारी घरी.”

“दुपारी घरी.”

“हो.”

“आठवड्यानं ड्युटीवर?”

“बहुतेक.”

कंडक्टरबाई उठल्या. त्यांचा चेहरा पार बदलला होता. “तीन वर्षांनी परत या म्हणून कार्डावर लिहिलं होतं. मी आले नाही. ड्युटीची पाळी बदलून मिळत नव्हती, आणि म्हटलं, काही नाही म्हणालेत ना, मग कशाला. ते माझं. ते मी घेते माझ्या डोक्यावर. पण पहिलं तुमचं, बाई. माझ्या गाडीत एक सुटला तर गाडी दरीत जात नाही.” दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “मला बरं वाटावं म्हणून सांगितलंत, का तुम्हाला?”

घारबाईंनी मायक्रोस्कोपखालची काच काढून हातात धरली. 

पुढचे नऊ दिवस घारबाई खाली गेल्या नाहीत. वर तक्रारीचा कागदही आला नाही. घारबाई काचा बघत होत्या, पण काम रेंगाळायला लागलं होतं. सत्तरांच्या जागी चाळीस होईनात. मोठ्या डॉक्टरांना ते दिसत होतं, पण ते काही बोलत नव्हते. घरी नवरा न विचारताच कणीक मळून ठेवू लागला.

दहाव्या दिवशी सकाळी कंडक्टरबाई आल्या, तशाच न बसता उभ्या राहिल्या. रुमाल आता डोक्याला होता आणि कपडे अंगावर लोंबत होते. बरोबर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी होती, आईसारखीच उंच.

“ही लेक माझी. खाली हिचा नमुना घेतलाय आत्ता. काच तुम्हीच बघायची.”

“मी नको,” घारबाई पटकन म्हणाल्या. “इथं दुसरे आहेत, मी त्यांना सांगते. आणि डॉक्टर स्वतः…”

“दुसऱ्यांना झोप लागते,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “तुम्हाला लागते का?”

“नाही.”

“म्हणून तुम्हीच.”

मुलगी जमिनीकडे बघत होती. “आई, चल आता,” ती म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती काच रंगून टेबलावर आली. घारबाईंनी ती सकाळी दहाला घेतली. डावीकडून उजवीकडे, थोडं खाली, उजवीकडून डावीकडे. कडा दोनदा बघितल्या. मग काच उलटी फिरवून लावली आणि पुन्हा सगळी बघितली. मधल्या भागात पेशींचा एक पुंजका होता, केंद्रकं जरा मोठी, जरा गडद.  गेल्या दोन आठवड्यांत त्यांना प्रत्येक काचेत काही ना काही वाईट दिसू लागलं होतं, आणि धडधाकट बाईला आजारी ठरवणं हीदेखील लहान चूक नव्हे, हे त्या एकोणतीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आल्या होत्या. त्यांनी ठिपका दिला आणि काच मोठ्या डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांनी खूप वेळ घेतला. नेहमीपेक्षा खूपच जास्त. “थोडी सूज आहे, तिच्यामुळे अशा झाल्यात या पेशी,” ते म्हणाले. “कड गुळगुळीत आहे, आतला रंगही सारखा पसरलाय. साध्या आहेत, बाई.”

“नक्की?”

“नक्की. तुम्हाला काय वाटतं?”

घारबाईंनी पुन्हा डोळे लावले. भीती जराशी बाजूला सरकवून फक्त काच बघायला त्यांना प्रयास पडले. “साध्याच आहेत,” त्या अखेर म्हणाल्या. मग टेबलाशी येऊन त्यांनी लिहिलं: दोष नाही. सहा वर्षांपूर्वी लिहिले होते तेच दोन शब्द. खाली नेहमीची खूण केली आणि तिच्याशेजारी डॉक्टरांनी आपली केली.

निकाल टपालानं जायचा होता. पण तीनच्या सुमारास विभागातली मुलगी आत येऊन म्हणाली, “बाई, बाहेर कुणीतरी उभ्या आहेत सकाळपासून. बसा म्हटलं तर बसत नाहीत.”

कंडक्टरबाई भिंतीला टेकल्या होत्या. ओठ सुकले होते. घारबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“चांगलं आहे सगळं,” घारबाई म्हणाल्या. “तीनदा बघितली. एका जागी मला शंका होती, ती डॉक्टरांना दाखवली. त्यांनी बघितली, मग परत मी बघितली. काही नाही. पण तीन वर्षांनी तिनं यायचंच. ड्युटी असो, काही असो.”

“येईल. मी सांगून ठेवते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “लिहूनच ठेवते. सांगितलेलं विसरते ती.”

 घारबाईंना पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, “लिफ्टपर्यंत येते मी.”

“नको. लिफ्टात जीव गुदमरतो माझा. आणि खाली यायचं नाही सोडायला. आत बायका खोळंबल्यात ना तुमच्या?”

“हो. चाळीसेक आहेत.”

“मग जा.”

पण घारबाई गेल्या नाहीत. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. कंडक्टरबाईंनी फाइल काखेत मारली, एका हातानं कठडा धरला आणि पहिला पाय खाली टाकला. मग दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मान ताठ ठेवून त्या उतरत होत्या. वर येणाऱ्या एका तरुणानं आधाराला हात पुढं केला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून त्याला आधी जायला वाट दिली. वळणावर त्या थांबल्या, श्वास घेतला, रुमाल सारखा केला आणि पुढची पायरी उतरल्या.