पाटावरचं स्टिकर

कुठलाही फोन कंपनीने दिला तसा मला बघवत नाही. पेणच्या एसटी स्टँडसमोर माझं सहा बाय आठचं दुकान आहे. लोक येतात काच बदलायला, पण मी त्यांना तेवढ्यावर सोडत नाही. "हे एवढं काय भरून ठेवलंय?" म्हणते आणि कामाला लागते. नको ती ॲप काढते, अक्षरं मोठी करते, वाचता येत नसेल त्यांना नावांच्या जागी फोटो लावून देते. आई म्हणते, निशिगंधाच्या हाताला खाज आहे. खरंच आहे. ॲप बनवायलासुद्धा मी त्याच खाजेपोटी शिकले, व्हिडिओ बघून बघून.

आणि शिकल्यावर स्वस्थ कशी बसणार? शेजारच्या जोहे गावात काळुराममामाचा गणपतीचा कारखाना आहे. मी मामाच्या मागे लागले.

मामाकडे गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक शहरातलं, फोटो बघून मूर्ती पसंत करणारं. दुसरं आसपासच्या गावांतलं. ते काही पसंतबिसंत करत नाही. आषाढात घरचा लाकडी पाट मामाकडे आणून ठेवतं आणि चहा पिऊन निघून जातं. त्याच पाटावर मामा शाडूची मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते आपला पाट बाप्पासकट घेऊन जातात. पावती नाही, फोन नाही. पाट आला म्हणजे सांगून झालं.

मला हे सहनच होईना. मी ॲप केलं. प्रत्येक मूर्तीचा फोटो, प्रत्येक पाटाला कोड असलेलं एक स्टिकर, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला श्रावणात एक मेसेज: मूर्ती हवी असेल तर 'होय' दाबा. चार दिवसांत नाही दाबलं, तर मूर्ती मोकळी. ज्याला हवी तो घेईल.

"पाट दिलाय ना त्यांनी," मामा म्हणाला. "मंग परत काय इचारायचं?"

"मामा, कुणी गेलं, कुणी गाव सोडलं, तर मूर्ती पडून राहते ना?"

"ऱ्हाते कधीमधी. ऱ्हाऊ दे की."

पण मी ऐकणाऱ्यातली नाही. मामा शेवटी "तुला काय करायचं त्ये कर गो" म्हणाला, आणि तेच मी परवानगी समजून चालले.

हरतालिकेच्या सकाळी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मी दुकान बंद ठेवून जोह्याला हजर होते. मामा आत आखणीला बसला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते काम तो कुणाला देत नाही आणि ते चालू असताना कुणाकडे बघतही नाही. मूर्ती देण्याघेण्याचं सगळं माझ्याकडे. गिऱ्हाइकाने फोन पुढे करायचा, मी स्टिकर स्कॅन करायचं, हिरवी खूण उमटली की मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून हातात द्यायची. दहा वाजेपर्यंत मी चाळीस मूर्ती दिल्या होत्या आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

अकराच्या सुमाराला इंदुबाय आल्या. खाडीकडच्या, मिठागरात जन्म गेलेला. त्यांचे यजमान कान्हूकाका तीन वर्षांपूर्वी वारले. दोन्ही मुली नांदायला गेलेल्या, घरात एकट्या. त्या पाटांच्या रांगेवरून एकदा गेल्या, परत आल्या, परत गेल्या.

"निशे, आमचा पाट कुठं ठेवलास गो?"

मी ॲपमध्ये त्यांचं नाव टाकलं. लाल अक्षरांत आलं: प्रतिसाद नाही, मूर्ती मोकळी. त्याखाली हिरव्या अक्षरांत: हितेश, रोहा. दिली, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.

मी ते दोनदा वाचलं. "काकू, तुम्हाला मेसेज आला होता ना? होय दाबायचं होतं."

त्यांनी कमरेची पिशवी काढून फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तीन फोटो, दोन मुलींचे आणि एक मामाचा. बाकी काही नाही. मीच करून दिलेला होता तो. शिमग्याच्या वेळी त्यांना कुणीतरी बँकेच्या नावाने मेसेज पाठवून घाबरवलं होतं, त्या रडत दुकानात आल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, काकू, मेसेज दिसायलाच नको, मी काढूनच टाकते. म्हणजे माझा मेसेज मीच अडवून ठेवला होता.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. कारण कान्हूकाकांचा पाट कुणीही ओळखला असता. मिठागरातल्या जुन्या फळीचा तो त्यांनी स्वतः केलेला, आणि पुढच्या कडेवर पटाशीने स्वतःचं नाव कोरलेलं. पण माझ्या स्टिकरला समोरून दिसणारी जागा लागत होती. मी ते बरोबर त्या नावावर चिकटवलं होतं. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी मूर्तीवर रुमाल टाकून पाटासकट मीच ती परक्या माणसाच्या हातात दिली होती.

मामाला सांगितलं. त्याने कुंचला बाजूला ठेवला. आखणीच्या दिवसांत त्याने कुंचला ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"जा," तो एवढंच म्हणाला.

इंदुबाय तिथेच दाराशी बसल्या. "मी थांबते हितं," म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही आणि त्यामुळे मला अजून वाईट वाटलं.

हितेशला मी अकरा फोन लावले. नंतर कळलं की मूर्ती घरी ठेवून तो केमिकल कंपनीत अर्ध्या शिफ्टला गेला होता आणि फोन गेटवर जमा. मी स्कूटर काढली. नागोठण्यापर्यंत ट्रक आणि चाकरमान्यांच्या गाड्या, इंच इंच सरकतायत. मी कडेच्या चिखलातून घातली. मनात हिशेब चालूच: दुपारपर्यंत पाट मिळाला तर संध्याकाळी खाडीकडे पोचेल, बदली म्हणून हितेशला मामाकडची दुसरी मूर्ती देऊ, मोठी देऊ, मी स्वतः आणून देईन. असा सगळा बेत मी रोह्याला पोचेपर्यंत चारदा केला आणि चारदा बदलला.

हितेशचं घर नवीन इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दार त्याच्या आईने उघडलं, धोंडुबाई. समोर चौरंगावर तोच पाट आणि त्यावर रुमाल झाकलेला बाप्पा. उंबऱ्यावर पाणी सांडलेलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकलेला. मी तिथेच समजले, बाप्पाला ओवाळून घरात घेऊन झालं होतं.

तरी सगळं सांगितलं. मध्येच हितेश शिफ्टवरून आला. त्यानेही ऐकलं आणि भडकला. "ताई, मी ॲपमधून घेतली. तुमचीच खूण हिरवी आली. घर घेतल्यावर आमचा पहिला गणपती आहे. आता मी काय करू?"

"दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मी दुसरी मूर्ती आणून देते."

"उंबऱ्याआत आलेला बाप्पा माघारी जात नाय," धोंडुबाई म्हणाल्या. रागाने नाही, पण त्यात पुढे बोलायला जागाच नव्हती.

मी चौरंगापाशी बसले आणि नखाने स्टिकर काढायला लागले. चांगल्यातलं आणलं होतं, निघता निघेना. कोपरा सुटला, मग अर्धं फाटलं. ओला रुमाल लावून घासलं तेव्हा कुठे अक्षरं दिसली. कान्हू. हितेश वाकून बघत राहिला.

"म्हणजे हा पाट त्यांनी केलाय?"

"हो. चाळीस वर्षं त्यांचा गणपती याच्यावरच बसतो."

माय-लेकांनी आत जाऊन काहीतरी बोलणं केलं. बाहेर येऊन धोंडुबाई म्हणाल्या, "बाप्पा हलनार नाय. पन ज्याचा पाट त्याचा मान. त्या बाईला म्हनावं, सकाळी हितं यावं आन् पूजेला बसावं."

परत जोहे. इंदुबाय दाराशीच होत्या, मामीने दिलेला चहा तसाच गार झालेला. मी निरोप सांगितला. त्यांनी गार चहाचा कप बाजूला सारला.

"मला मान नको व्हता गो," म्हणाल्या. "तो पाट बाप्पासकट घरात आला का वाटतं मानूस आला. वरसातनं पाच दिवस." मग उठल्या. "सकाळी लवकर ये न्यायला."

चतुर्थीला पहाटेच मी त्यांना स्कूटरवर बसवून रोह्याला निघाले. त्यांनी नऊवारी नेसली होती, मांडीवर मोदकांचा डबा. वाटेत मी एकसारखी बोलत होते, रस्त्याबद्दल, पावसाबद्दल, कशाहीबद्दल. त्या दोन्ही हातांनी डबा सावरत होत्या.

हितेशच्या घरी गुरुजी घाईत होते; त्यांना अजून सात घरं करायची होती. इंदुबाय दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हितेश सोवळं नेसून पाटासमोर बसला. गुरुजींनी हातावर पाणी सोडायला सांगितलं आणि विचारलं, "यजमानांचं नाव?"

"माझं घ्या, हितेश. आणि कान्हूंचं पण."

"कान्हू कोण?"

"पाट त्यांचा आहे. वारलेत."

"गेलेल्या माणसाच्या नावाने संकल्प होत नाही हो."

हितेश जरा घुटमळला. मग मागे वळला. "मग यांचं घ्या. काकू, तुमचं नाव सांगा."

इंदुबाय पदर सावरायला लागल्या. "माजं कशाला? विधवा बाईचं." धोंडुबाईंनी त्यांचा हात धरला आणि सरळ लेकाशेजारी नेऊन बसवलं. गोत्र माहीत नव्हतं, गुरुजींनी कश्यप म्हटलं, आणि पुढच्या मंत्रात इंदुबाई हे नाव खणखणीत घेतलं. त्यांनी मान खाली घातली. मला रडूच आलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटकाही वाटली. वाटलं, झालं, जमलं, निस्तरलं.

आरती झाली, जेवणं झाली. खाली स्कूटरपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सांत पूजेत माजं नाव कुनी घेतलं नव्हतं. चांगली मानसं हायत." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "या लोकांचा बाप्पा दीड दिसाचा, विसर्जन उद्याला. पाट न्यायला मी सोता येनार."

"मी आणून देते ना, काकू. आणि पुढच्या वर्षी मी स्वतः लक्ष ठेवीन."

"पुढच्या वरसाला पाट नाय देनार. चिकल मळून मीच करीन, जमंल तसा."

"काकू, तो नियम मी आजच काढून टाकते. आत्ता काढते, बघा." मी खरंच फोन बाहेर काढला.

"नियम ठेव नायतर काढ. काळुराम मला कंदी इचारत नव्हता, इंदुबाय तुला गणपती पायजे का. त्याला ठावं व्हतं. आता इचारलंत ना? मंग मी नाय म्हनते."

बोटं उगीच पडद्यावर फिरत राहिली.

त्यांना खाडीकडे सोडलं तेव्हा दुपार टळली होती. परत फिरणार तोच मामाचा फोन आला. "बसली का इंदुबाय पूजेला?"

"बसल्या. त्यांचं नाव घेतलं संकल्पात."

"मंग झालं तर."

मी पुढचंही सांगितलं. न सांगता सुटले असते, पण त्याच्याशी तरी लपवाछपवी नको वाटली.

"ती सोता बोलली तसं? का तुला वाटलं?"

"बोलल्या, मामा. मी आजच ते ॲप बंद करते. सगळंच काढून टाकते."

"नको काढू," मामा म्हणाला. "तिच्या घरचा पाट पयल्यांदा माज्या बापानं घेतलेला. ही गोष्ट आज सांजच्याला दहा घरांत जाईल, आन् पाट यायचं थांबतील. मंग शेरातलं गिऱ्हाईक आणायला मला तुजं ॲपच लागंल."