मुंढ्याला दोन बोटं सैल

कापडाचं ठाण छातीशी धरून आमच्या शिलाईच्या दुकानाच्या माडीवरून उतरताना आत्याला शेवटची पायरी दिसली नाही. डावा घोटा आत मुरगळला. गुरुवारची गोष्ट. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं होतं. डॉक्टरांनी आधी काही दिवस कुबड्या आणि मग काठी असं सांगितलं. तेवढ्यावर बाबांनी परस्पर ठरवून टाकलं की सोमवारपासून कटिंगला नवा मास्तर येईल आणि आत्या पुढे बसून गिऱ्हाइकांची मापं लिहून घेईल.

आत्या बावीस वर्षं त्या कटिंगच्या टेबलाशी उभी आहे. तिथे एकदा दुसऱ्याची कात्री आली की ती हलत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि बाबांनाही.

"दादा, सोमवारी टेबलाशी मीच असणार."

"कुबड्यांवर सरकार चालतं, दुकान नाही," बाबा म्हणाले.

तो शब्द तिला झोंबला. घरी आल्यावर तिने कुबड्या दाराआड टाकल्या आणि घरातली जुनी काठी मागून घेतली. तीही धरली दुखऱ्या पायाच्याच बाजूला. तीन पावलांत घामाघूम झाली. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरतात, आणि पायावर भारच पेलवत नसेल तर काठीचा उपयोग नाही, असं मी समजावलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला गेले.

शेजारच्या काकू गरम तेलाची वाटी घेऊन आल्या. आत्याने वाटी तशीच परत पाठवली. आत अजून सूज चढतेय, इतक्यात चोळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यापेक्षा तिने अस्तराच्या तुकड्यात बर्फ गुंडाळला, पाय दोन उशांवर चढवला आणि दर पंधरा मिनिटांनी बर्फ काढायचं काम मला दिलं. इलॅस्टिकची पट्टी मात्र कुणाला बांधू दिली नाही. नेफ्यात किती ताण द्यायचा ते ती मला शिकवणार होती, मी तिला नाही. बांधून झाल्यावर पायाची बोटं निळी तर पडत नाहीत ना, हेही तिनेच पाहिलं.

रविवारी तिने स्वतःहून दाराआडच्या कुबड्या बाहेर काढल्या. दोन फेऱ्यांत हात बधिर झाले. औषधांच्या दुकानदाराने त्या नुसती उंची विचारून बसवल्या होत्या. आत्या आरशासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच हसली.

"मुंढ्यात काचतंय गं. बगलेला दोन बोटं सैल सोडायची असतात, हे शिवणात पहिल्या दिवशी शिकवतात. टेप आण. आणि बूट. बुटाशिवाय माप घेत नाहीत."

मी माप घेतलं, तिने आकडे तपासले. बगलेखाली दोन बोटं जागा आणि मूठ मनगटाच्या रेषेत. कुबड्यांच्या उंचीची खिळी दोन भोकं खाली सरकली. आता भार तळहातांवर येत होता. हॉस्पिटलच्या कागदावर नेमकं हेच छापलेलं होतं. तिने तो वाचलाच नव्हता.

सोमवारी नवा मास्तर आला तेव्हा आत्या टेबलाशी उंच स्टुलावर टेकून बसली होती. डावा पाय दोऱ्यांच्या रिकाम्या खोक्यावर, कुबड्या टेबलाला टेकवलेल्या, एकीच्या मुठीवर टेप लटकलेला. समोरच्या कोटाची पाठ कापून झाली होती. मास्तर दारातच थांबला आणि बाबांकडे पाहू लागला. बाबा आत्याकडे.

तिने खडूच्या रेघेवरून नजर उचलली नाही.

"कुबड्यांचं सरकार आलंय, दादा. मास्तरांना पुढे बसव, मापं लिहून घेतील."