अकराचा सेट

सिस्टरांनी चार नंबरचा क्लिप अप्लायर खिडकीच्या उजेडात धरला आणि मूठ आवळली. लांब नळीच्या टोकाचे दोन बारीक जबडे मिटले, पण समोरासमोर मिटले नाहीत. एक टोक दुसऱ्याच्या शेजारून सरकलं आणि मधून उजेडाची रेघ दिसली. त्यांनी मूठ सोडली, पुन्हा आवळली. पुन्हा तीच रेघ.

"मेल्या," त्या हत्याराला म्हणाल्या.

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना त्याला रक्त पुरवणारी नस कापण्याआधी तिच्यावर धातूची इवलीशी क्लिप बसवायची, एवढंच त्याचं काम. जबडे तिरके असले की क्लिपही तिरकी बसते, आणि तिरकी क्लिप कधी निसटेल याचा नेम नसतो. कालची निसटली होती. सकाळी ऑपरेशन झालेल्या बाई दुपारी पांढऱ्याफटक पडल्या, संध्याकाळी त्यांचं पोट पुन्हा उघडावं लागलं, सहा बाटल्या रक्त चढवावं लागलं. आता त्या अतिदक्षता विभागात नळ्यांच्या गराड्यात पडून होत्या आणि त्यांची मुलगी बाहेरच्या बाकावर काल नेसलेल्या साडीतच बसली होती.

डॉक्टरांच्या हातात तो अप्लायर दिला होता सिस्टरांनीच. एरवी प्रत्येक हत्यार उजेडात धरून बघणाऱ्या सिस्टरांनी काल बघितलं नव्हतं. हत्यारांचा सेट सीलबंद होता, मोजणी बरोबर होती, आणि केस उशिरा सुरू झाल्यामुळे डॉक्टर बोटं नाचवत उभे होते.

पण हा चार नंबर सेटमध्ये यायलाच नको होता. तीन आठवड्यांपूर्वी सिस्टरांनी स्वतः त्याच्या दांड्याला लाल टेप गुंडाळून तो बाद हत्यारांच्या खोक्यात टाकला होता. कुणीतरी तो काढला, टेप सोलली, धुऊन परत लावून ठेवला. सकाळपासून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला भिडली होती ती यामुळे. ज्याने कुणी हे केलं त्याला दुपारच्या आत घरी पाठवते, असं त्या सगळ्या थिएटरला ऐकवून आल्या होत्या.

धुण्याच्या खोलीत मावशी ब्रशने कात्र्या घासत होत्या. सिस्टरांनी अप्लायर त्यांच्यासमोर ओट्यावर आदळला.

"हा खोक्यातून कुणी काढला?"

मावशींनी हात पुसले. हत्याराकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

"मीच काढला."

इतकं सरळ उत्तर येईल असं सिस्टरांना वाटलं नव्हतं. स्टोअरवाला कानावर हात ठेवेल, वॉर्डबॉय दुसऱ्याचं नाव सांगेल, मग आपण एकेकाची हजेरी घेऊ, अशी त्यांची तयारी होती. मावशींनी ती सगळी वाया घालवली.

"लाल टेप दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. टेप लावलेलं हत्यार वाफेच्या भट्टीत घालायचं नाही, चिकट राहतं, असं तुम्हीच सांगितलेलं. म्हणून काढली."

"अहो, पण बाद केलेलं हत्यार घेतलंच का?"

मावशींनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं सेटचं कार्ड काढून पुढे केलं. प्लॅस्टिकच्या पाकिटातलं, सिस्टरांच्या टपोऱ्या अक्षरातलं. खाली दोनदा अधोरेखित केलेला हत्यारांचा आकडा होता: अकरा.

"मी पहिल्यांदा दहाच दिली होती," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सेट परत आणून इथं आपटला. चार माणसांसमोर म्हणालात, अकरा म्हणजे अकरा, परत कमी आलं तर उद्यापासून येऊ नका. आठवत नसेल तुम्हाला. तुम्ही रोजच कुणाला तरी म्हणता."

सिस्टरांनी कार्डासाठी हात पुढे केला.

"मला तेवढं वाचता येत नाही, सिस्टर. आकडा येतो. खोक्यात एक दिसलं, तसलंच. घातलं. तो सेट कालपर्यंत कुणी उघडला नाही, तुम्हीही ओरडला नाहीत, म्हटलं बरोबर असेल."

कार्ड सिस्टरांच्या हातात आलं होतं. हत्यार बाद केलं त्या दिवशी कार्डावरचा आकडा बदलायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. नवीन येईलच, मग कशाला खाडाखोड, असं म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला होता. नवीन आलं नव्हतं. तीनदा मागून आलं नव्हतं. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी अर्ज बाजूला सारत म्हटलं होतं, "चालवून घ्या हो, तुम्ही आहात ना."

राग कुठे काढावा हे त्यांना कळेना. समोर उभ्या असलेल्या बाईवर त्यातला एक थेंबही उडवायची सोय राहिली नव्हती.

"ब्रश ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळे सेट बाहेर काढा. आज आपण दोघी मिळून बघू."

दीड तासाने त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर चौकशीचा फॉर्म होता.

"कळलं का कोण ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळलं."

"धुण्याच्या खोलीतली बाई ना? मला वाटलंच. कंत्राटी आहे, लिहून टाका तिचं नाव. नातेवाईकांनाही काहीतरी सांगावं लागतं. दुसरी मिळेल."

सिस्टरांनी फॉर्म ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच 'कारण' या रकान्यात लिहिलं. लिहिताना पेन कागदात रुतत होतं. बाद हत्यार सेटमध्ये गेले, कारण कार्डावरील संख्या मी बदलली नाही. वापरण्याआधी मी तपासले नाही. खाली सही केली आणि फॉर्म फिरवून डॉक्टरांपुढे सरकवला.

डॉक्टरांनी वाचलं. त्यांचा आवाज खाली आला.

"अहो सिस्टर, एकवीस वर्षं झाली तुम्हाला. याने काय होईल कळतंय का?"

"कळतंय. आता पुढची ओळ तुमची. तीन अर्ज, तिन्हीवर तुमची सही नाही. तारखा मला पाठ आहेत, हव्या तर सांगते."

"हे नंतर बघू. माझी बाराची केस आहे."

"नाही आहे. सगळे सेट मी उघडलेत. आणखी दोन अप्लायर तसलेच निघाले. आता परत धुऊन भट्टीतून निघायला तीन तास. तातडीसाठी एक सेट आधी भट्टीतून काढून ठेवलाय, त्यातलं एकूणएक हत्यार उजेडात पाहिलंय. आणि त्या पेशंटच्या मुलीला मी सांगितलंय की साहेब स्वतः कारण लिहून देतायत. ती बाहेर उभी आहे."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेमागे साडीचा पदर दिसत होता.

सिस्टरांनी आपलं पेन फॉर्मवर ठेवलं, समोरची खुर्ची मागे ओढली आणि बसल्या. एकवीस वर्षांत त्या या खोलीत कधी बसल्या नव्हत्या.