पंधरा वॉट

कोगनोळीच्या सत्याप्पांनी आयुष्यभर गाणे ऐकले. पण आत बसून एकदाही ऐकले नव्हते. वरच्या आळीतल्या नागोजींच्या सोप्यात रेडिओ वाजे आणि सत्याप्पा अंगणाच्या कडेला, काढून ठेवलेल्या चपलांच्या पलीकडे बसत. त्यांचा मुलगा कृष्णात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासनीस होता. केसाइतका फरक मापून माल परत पाठवणे, हे त्याचे काम. बौद्धवाड्यात नवे घर झाल्यावर त्याने सागवानी खोकी करून दोन स्पीकर बसवले आणि ठरवले, की आप्पा आता आपल्याच घरात, खुर्चीवर बसून ऐकतील. उणा होता तो ॲम्प्लिफायर.

त्र्याऐंशी साली, सुटीच्या एका सकाळी, बापलेक दोन्ही खोकी एसटीच्या टपावर चढवून बेळगावला आले. दुकानदाराने गाव विचारले, मग वस्ती विचारली, आणि पुढचे काहीही न विचारता शंभर वॉटचे अवजड यंत्र पुढे ढकलले.

“तुमच्याकडं हेच जातंय. जयंतीला लावा, लग्नाला लावा. हमरस्त्यापर्यंत आवाज जातोय बघा.”

“जयंतीला मंडळाचा आहे. मला घरात ऐकायचं आहे. दोन बाजूंचा, स्टीरिओ हवा.”

“हे बी दोन पेट्यांवर वाजतंय की.”

त्या भागात ॲम्प्लिफायर पारखण्याची रीतच ती होती: आवाज किती लांब पोचतो, एवढेच पाहायचे. जवळ बसणाऱ्याला तो कसा ऐकू येतो, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे.

“वाजवून दाखवा,” कृष्णात म्हणाला.

“आतल्या खोलीत ऐकवतो, ती गिऱ्हाइकं निराळी.”

दोन्ही खोकी कृष्णातने आतल्या खोलीत नेली, चार हातांच्या अंतरावर मांडली आणि समोरची खुर्ची पुढे ओढली. “आप्पा, बसा.”

सत्याप्पा बसले. तरुणपणी गावकीची हलगी त्यांच्याच गळ्यात असे. धर्मांतर केले, त्याच दिवशी त्यांनी ती फोडली होती. दुकानदाराने नाइलाजाने तबल्याची कॅसेट लावली. यंत्र गरजले, कपाटाच्या काचा थरथरल्या.

“कसं काय, आजोबा?”

“दोन्ही पेट्या एकच बोलत्यात,” सत्याप्पा म्हणाले. “कृष्णा, एक बंद कर रं.”

कृष्णातने एक तार काढली. आवाज थोडा उतरला. बाकी काहीच गेले नाही.

“आजोबांना यातलं कळतंय व्हय?” दुकानदार हसला.

“हलगीला एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. दोघांचं बोलणं निराळं. तुमच्या यंत्रानं त्याची खिचडी केली. वाजवायचं सोडलं मी. ऐकायचं न्हाय सोडलं.”

खालच्या फळीवर पंधरा वॉटचा एक साधा ॲम्प्लिफायर धूळ खात होता. कृष्णातने तो स्वतःच उचलून जोडला. डग्गा डावीकडून उठला, तबल्याच्या कडेची चाट उजवीकडून. सत्याप्पांनी मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे.

“ह्यो.”

“दाराभाईरसुदिक न्हाय जायचा ह्याचा आवाज,” दुकानदार म्हणाला. “मागनं तक्रार नको.”

“दाराभाईर बसणारं आता कोण न्हाय,” सत्याप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्याप्पा घरच्या खुर्चीत बसले असताना नागोजी रस्त्याने जाता जाता फाटकाशी थांबले.

“सत्याप्पा, स्टीरिओ आणलास म्हणं. काय ऐकू येईना की. वाढव जरा.”

कृष्णातचा हात बटणाकडे गेला.

“ऱ्हाऊ दे,” सत्याप्पा म्हणाले. “हाय तेवढाच.” मग खुर्चीतून न उठता त्यांनी दाराकडे पाहिले. “नागोजीअण्णा, ते भाईरनं न्हाय ऐकू यायचं. आत या. आणिक एक खुर्ची हाय.”

नागोजी फाटकावर हात ठेवून उभे राहिले. ना ते आत आले, ना पुढे गेले. कॅसेटची बाजू संपली. कृष्णातने ती उलटून लावली. आवाज मात्र होता तेवढाच ठेवला.