सालींची पेटी

माझा नवरा सुतार. डबा गरम राहावा म्हणून त्याने एका लाकडी पेटीला आतून झाडाच्या जाड साली ठोकल्या. एका सकाळी मी तिच्यात लेकीच्या सरबतासाठी बर्फ ठेवला, तर पठ्ठ्या खेकसलाच.

"अगं, उबेच्या पेटीत बर्फ? आत्ता पाणी होईल त्याचं! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"साल ऊब देत नाही, नुसती अडवते," मी म्हटलं. "बाहेरची ऊब आत कशी येईल?"

तो पाय आपटत कामाला गेला.

संध्याकाळी त्यानेच झाकण उघडलं. बर्फ जवळजवळ तेवढाच होता. स्वारी वरमली.

"अजून रागावली आहेस?" त्याने हळूच विचारलं.

"राग त्याच पेटीत ठेवला होता," मी म्हटलं. "चांगला गरम आहे अजून. वाढू?"