नव्या मसाल्याची आमटी

वाटीच्या काठाला मोहरीचा एक दाणा चिकटून राहिला होता. काळाही नव्हता तो. नीट पाहिलं तर तपकिरी, आणि त्या तपकिरीच्या आत कुठेतरी जांभळट, आणि फोडणीत तडकल्यामुळे एका बाजूला बारीकशी भेग पडलेली, त्या भेगेतून आतलं पिवळं डोकावत होतं – इतकं पिवळं, की गोविंदरावांना वाटलं, हे एवढंसं पिवळं जन्मभर रोज ताटात येत होतं आणि आपण ते भाताबरोबर गिळत होतो... जेवण होऊन बराच वेळ झाला असावा. ताटातली शितं वाळून कडक झाली होती. खिडकीतलं ऊन सरकत सरकत पाण्याच्या भांड्यापर्यंत आलं होतं. पण दाणा सोडून उठवत नव्हतं. तो तिथे होता. नुसता होता, आणि त्याचं ते असणं एवढं पुरेसं होतं की आणखी काही कशाला असायला हवं होतं, हेच त्यांना कळेना.

"हात वाळले ना हो," शांताबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "काय दिसतंय त्या वाटीत? केस निघाला का?"

"नाही, नाही."

"मग तिखट झाली का आमटी? नवा मसाला आहे. मला आज गुरुवार, चाखून बघता येत नाही."

"छान झालीय," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा त्यांना ऐकू आला. छान हा शब्द किती लहान होता!

ते उठले, मोरीवर हात धुवायला गेले, आणि नळाखालीच उभे राहिले. पाणी बोटांवरून उतरत होतं. मांजरा नदीचं असेल किंवा कृष्णेचं, कुठून कुठून नळांतून वळसे घेत चिक्कडपल्लीच्या या दुसऱ्या मजल्यावर येऊन एका म्हाताऱ्याच्या हातावरची आमटी धुऊन पुढे चाललं होतं, कसली तक्रार न करता... त्यांचे डोळे भरून आले. वडील गेले तेव्हाही असे भरले नव्हते. त्यांनी नळ बंद केला, कारण पाणी फुकट घालवलेलं शांताबाईंना खपत नसे, आणि बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले.

खाली रोजचंच चाललं होतं. एक रिक्षावाला दुसऱ्याला दख्खनीत शिव्या देत होता, फुलवाली मोगऱ्याला तेलुगूत मल्लेपुव्वुलु म्हणून ओरडत होती, पलीकडे मेट्रो खांबांवरून सरकत गेली, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आणि हे सगळं एकमेकांना धरून होतं. शिट्टी थांबली तेव्हा फुलवालीची हाक सुरू झाली, हाक थांबली तिथून मेट्रो निघाली – मधे कुठेही फट नव्हती. मी ऐकतो आहे असं म्हणावं, तर मी कुठे आहे? खुर्ची आहे, ऊन आहे, हाक आहे. ऐकणारा शोधायला गेलं तर पुन्हा हाकच सापडते आहे. मला भीती वाटायला हवी होती. वाटत नाही. कुणाला वाटणार?

आणि मग एका क्षणी गोविंदरावांच्या लक्षात आलं की हे ते आहे.

हेच. ज्याच्यासाठी तीस वर्षं पहाटे उठून घोंगडीच्या घडीवर बसलो ते. जामबागेतल्या कॉलेजात इतिहास शिकवत असताना एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी श्वासाकडे पाहायला शिकवलं होतं. नुसतं पाहत बसा, म्हणाले होते, एक दिवस पाहणारा विरघळेल. सहकारी कधीच वारले. पाहणारा मात्र ठणठणीत राहिला. तो श्वास पाही, दुखणारा गुडघा पाही, कुणाचा कुकर किती शिट्ट्यांनी उतरतो ते पाही, आणि सर्वांत जास्त म्हणजे अजून काही होत कसं नाही, ते पाही. गोविंदरावांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नातेवाइकांत त्यांचा साधक म्हणून लौकिक होता. लग्नकार्यात लोक वाकून नमस्कार करत, आणि ते डोळे मिटून हसत. त्या हसण्यामागे काहीही नाही हे एकट्या त्यांना ठाऊक होतं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी चिन्मय कोडाईकनालहून आला. मुलगा गच्चीबावलीला कंपनीत, मित्रांबरोबर चार दिवस डोंगरात गेला होता. आल्यावर बॅगही न उघडता याच खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि सांगत सुटला – तिथे एक प्रकारचं अळंबं मिळतं, बाबा, सगळे घेतात, मीही घेतलं. आणि बाबा, सिरिअसली, मी नव्हतोच, सगळं होतं आणि मी नव्हतो... सांगता सांगता तीस वर्षांचा तो दाढीवाला मुलगा रडायला लागला. आणि बापाच्या पोटात काय उठलं? आग. निव्वळ मत्सर. आम्ही गुडघे झिजवले आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा! एका दुपारी, शेंगदाणे खाल्ल्यासारखं काहीतरी खाऊन!

"नशा आहे ती," गोविंदराव म्हणाले होते. "उतरली की कळेल."

चिन्मयने डोळे पुसले, बॅग उचलली आणि आपल्या खोलीत गेला. तेव्हापासून घरात त्याचं बोलणं जेवणाखाण्यापुरतं उरलं होतं.

पण आज – आज तर तसलं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही! आपल्या पायांनी चालत इथे पोहोचलो. गोविंदरावांना हसू फुटलं. पोराला फोन करावा. सांगावं, की बाबा रे, तुझ्या अळंब्यावाचूनही दार उघडतं, फक्त दम धरावा लागतो... हा विचार आल्याबरोबर फुलवालीची हाक आणि ते यांच्यामध्ये एक बारीकशी फट पडली, हेही त्यांना दिसलं. तरी हात फोनकडे गेलाच.

तेवढ्यात शांताबाई बरणी घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"खरं सांगा, बिघडलाय ना मसाला? तुम्ही जेवल्यापासून गप्प बसलात. वास घ्या बरं. दगडफूल जरा निराळं होतं या खेपेला."

"निराळं म्हणजे?"

"हौ, निराळंच. बेगम बाजारातलं संपलं होतं. खोबरं, धणे, तीळ, सगळं भाजून झालं आणि दगडफुलाचा डबा बघते तर रिकामा. मग आठवलं, चिन्मयला सांगितलं होतं ना मी, डोंगरात चाललायस तर मसाल्याचं काही चांगलं मिळालं तर आण. पोरगा काढून द्यायला विसरला असेल म्हटलं. त्याच्या कपाटात बघितलं तर होतीच पुडी. वाळलेलं, सुरकुतलेलं, काळपट... दगडफूलच की! वास तेवढा मातकट होता. तेलात परतलं, कुटलं." त्यांनी बरणीचं झाकण उघडलं. "देवालाही तोच नैवेद्य दाखवलाय हो मी. काही चुकलं का?"

गोविंदराव बरणीकडे पाहत राहिले. त्या चॉकलेटी भुकटीत कुठे काय होतं, कुणाला दिसणार? त्यांना आधी थंडगार वाटलं. मग, पायाखालची पायरी निसटावी तसं, तीस वर्षं एकदम निसटली. म्हणजे आताही नाही. आताही आपलं आपल्याला नाही मिळालं. मुलाच्या कपाटातून चोरून, तेही बायकोच्या हातून, तेही न कळता... तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ऊन मात्र तसंच होतं. फुलवालीची हाकही तशीच होती, काडीचीही कमी झाली नव्हती, आणि हे त्यांना सर्वांत चमत्कारिक वाटलं.

त्यांनी फोन लावला.

"बाबा?" चिन्मयचा आवाज घाबरा झाला. या वेळी बाबांचा फोन येत नसे. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे खुर्ची ढकलल्याचा आवाज झाला. "ओ गॉड. बाबा, छातीत धडधडतंय का? चक्कर? आई कुठेय? तिला जवळ बसायला सांगा, कुठेही जाऊ नका. मी निघतोच. नाहीतर आधी डॉक्टरांना..."

"मी ठीक आहे रे. एवढंच सांग – त्या अळंब्याचंच आहे ना हे?"

"अख्ख्या बरणीत पुडी एक... आणि भाजलं आईनं? तेलात?" चिन्मय थांबला. "मग त्यात काय उरलं असेल, बाबा? आमटीत एक चमचा मसाला. मला तर वाटतं काहीच नसेल. पण मला नक्की नाही माहीत."

"नक्की कुणाला माहीत असेल?"

"कुणालाच नाही."

मेट्रो गेली.

"बाबा... काय दिसलं?"

"मोहरी," गोविंदराव म्हणाले. पलीकडून हसणं येईल असं वाटलं होतं. आलं नाही. "चिन्मय, तू त्या दिवशी कशाबद्दल तरी सांगत होतास. मी पुरतं ऐकलं नाही. काय होतं ते?"

पलीकडे एक दार बंद झालं. मग अगदी हळू –

"नेचा होता, बाबा. साधा, दगडाला लागून उगवलेला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि बघणारा कुणी उरला नाही. आणि परत आलो तेव्हा पहिली तुमची आठवण झाली. वाटलं, बाबा रोज पहाटे इथेच यायला निघतात. म्हणून रडू आलं."

गोविंदरावांनी फोन मांडीवर ठेवला. हे वाक्य त्या दिवशी येणारच होतं, या खुर्चीसमोर, आणि आपण मधेच नशा म्हणालो...

"येतोय तो," ते शांताबाईंना म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं – पुडी कसली होती, काय झालं, तीस वर्षं काय झालं नव्हतं. तेही सांगितलं. शांताबाई पदराचं टोक तोंडावर धरून ऐकत होत्या.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"मग आता कसं वाटतंय?"

ते सांगू लागले आणि थांबले. शांताबाईंच्या हाताला अजून भाजल्या खोबऱ्याचा वास होता. मनगटावर फोडणीचा जुना डाग होता; कोणत्या वर्षीचा, त्यांना आठवेना. मघाशी मोहरीत होतं ते सगळं त्या डागात होतं, तेवढंच, आणि तो डाग तिथे रोज होता. काखेत कळसा, असं काहीसं ते पुटपुटले. शांताबाईंना ते ऐकू आलं नाही.

"टाकून देऊ का हो?" त्यांनी बरणी मांडीवर घेतली. "टाकवत नाही. किती निगुतीनं केला होता." झाकण लावता लावता त्या थबकल्या. "मी खाल्ली, तर मलाही दिसेल?"

चेष्टा नव्हती. गोविंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. पहाटे आपण घोंगडीवर बसायचो तेव्हा ही आत भांडी वाजू न देता चहाचं आधण ठेवायची, इतकी वर्षं. आवाज होऊ नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारायची. तिलाही काही पाहायचं असेल, हे आपल्याला कधी... कधीच नाही.

"माहीत नाही मला," ते म्हणाले. सकाळपर्यंत त्यांच्याकडे याचं उत्तर होतं, लांबलचक, इतिहासाच्या दाखल्यांसकट.

"मग तुमचं ते बसणं तरी दाखवा. चिन्मय येईतो."

त्यांनी घोंगडी आणली. एकाच्या मापाची घडी होती, ती उलगडून दोघांपुरती केली. शांताबाई गुडघ्यावर हात टेकत बसल्या, बरणी बाजूला ठेवली, आणि सवयीनं बांगड्या वर सारू लागल्या.

"राहू दे," गोविंदराव म्हणाले. "वाजू दे."

"आणि करायचं काय असतं?"

हेच ते उद्या पहाटे स्वतःला विचारणार होते. सगळं नव्यानं, पहिल्या दिवसापासून. आणि ते पुन्हा येईल की नाही, आज आलं ते कुणाचं, बरणीतलं की बसण्यातलं, हे मरेपर्यंत कळणार नव्हतं. त्याची आता धास्ती वाटत नव्हती. शेजारी एक श्वास चालला होता, जरासा धापेचा, उपासाचा. तीस वर्षं ते श्वासच पाहत आले होते. हा त्यांनी कधी ऐकला नव्हता.